बातमीचे मोल कोण देणार?

आज ६ जानेवारी. १८३२ साली याच दिवशी, याच मुंबई शहरात, बाळशास्त्री जांभेकर नावाच्या विशीतल्या एका विद्वान तरुणाने ‘दर्पण’ काढले आणि मराठी वृत्तपत्राचा जन्म झाला. महाराष्ट्र हा दिवस ‘पत्रकार दिन’ म्हणून पाळतो. आज ठिकठिकाणी बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार घातले जातील, पत्रकारांचे सत्कार होतील, लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर मोठमोठी व्याख्याने झोडली जातील. आणि ती चालू असताना श्रोत्यांपैकी निम्मेअधिक लोक मान खाली घालून हातातल्या मोबाइलवर बातम्या चाळीत बसलेले असतील! या विसंगतीकडे डोळेझाक करून, रिवाजाप्रमाणे आत्मगौरवाचे चार शब्द लिहून मोकळे होणे आम्हांला सहज शक्य होते. परंतु आज तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कारण आजच आम्हांला वाचकांना एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. येत्या १ फेब्रुवारीपासून या पत्राच्या अंकाची किंमत एका रुपयाने वाढणार आहे. अशी सूचना वृत्तपत्रे सामान्यतः एखाद्या कोपऱ्यातील चौकटीत, कागदाच्या भाववाढीवर खापर फोडून आणि ‘वाचकांच्या सहकार्याची अपेक्षा’ व्यक्त करून उरकून टाकतात. तो मार्ग आम्ही पत्करला नाही. एक रुपया ही रक्कम क्षुल्लक आहे हे खरे. पण त्या रुपयामागे उभा असलेला प्रश्न क्षुल्लक नाही. छापील वर्तमानपत्रे व मासिके इंटरनेटच्या युगात जगणार की मरणार, अशा शब्दांत तो प्रश्न सध्या विचारला जातो. आमच्या मते तो तसा विचारण्यातच चूक आहे. बातमी शोधून आणणाऱ्या माणसाला यापुढे मोल कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर अखेर वाचकांनाच द्यावयाचे असल्यामुळे तो आम्ही पहिल्या पानावर त्यांच्यासमोर मांडीत आहोत.

या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, कागदाचा काळ संपला. जी बातमी रात्री दहाला हातातल्या यंत्रावर वाचली, ती सकाळी सहाला कागदावर पुन्हा कोण वाचणार? दुसरा पक्ष म्हणतो, छे! सकाळच्या चहाबरोबर हातात पेपर नसेल तर दिवस उजाडल्यासारखे वाटतच नाही. ओल्या शाईचा तो वास यंत्राला कोठून येणार? पहिल्या पक्षाची घाई आणि दुसऱ्याचा हळवेपणा, दोन्ही बाजूला ठेवून वस्तुस्थिती काय आहे ते प्रथम पाहू.

वस्तुस्थिती बोलकी आहे. व्हिएन्नाचे ‘वीनर त्सायटुंग’ हे पत्र १७०३ साली निघाले. साम्राज्ये कोसळली, दोन महायुद्धे झाली, पण पत्र टिकले. आणि ३० जून २०२३ रोजी त्याचा शेवटचा छापील दैनिक अंक निघाला. लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने मार्च २०१६ मध्येच कागदाचा निरोप घेतला. बर्लिनच्या ‘टात्स’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये आठवड्याच्या दिवसांचे छापील अंक बंद केले व केवळ शनिवार-रविवारचा अंक राखला. परदेशाकडे तरी कशाला पाहावयाचे? आपल्या मुंबईतच ‘डीएनए’ या इंग्रजी दैनिकाची छपाई ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली आणि वर्षभराने ‘मुंबई मिरर’ दैनिकाचे साप्ताहिक झाले. तथापि याच शहरात १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेले गुजराती ‘मुंबई समाचार’ अजून रोज निघते. १९०९ साली ‘मनोरंजन’कार काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी पाडलेली दिवाळी अंकाची प्रथा तर इतकी चिवट निघाली की, दर वर्षी मराठीत शेकडो दिवाळी अंक आजही छापले जातात, विकले जातात आणि वाचनालयांतून रांगेने वाचले जातात.

शिवाय मृत्यूचे सारे पाप इंटरनेटच्या माथी मारणे हेही न्यायाचे नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ १९९३ साली गेले. सामान्य नागरिकाला या देशात इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून! म्हणजे जी मासिके व साप्ताहिके आपण हळहळत आठवतो, त्यांतील कित्येकांनी या नव्या पाहुण्याचे तोंडही पाहिले नव्हते. तेव्हा रोग जुना आहे. इंटरनेटने तो चव्हाट्यावर आणला आणि बळावला, इतकेच. तो रोग कोणता, हे समजण्यासाठी वृत्तपत्राच्या जमाखर्चाच्या वहीत डोकावले पाहिजे. ती वही आजवर आम्ही संपादक मंडळींनी वाचकांना कधी दाखवली नाही.

वाचक जी किंमत मोजतो, तीत बहुतेक दैनिकांच्या कागदाचा व छपाईचाही खर्च निघत नाही. त्या किमतीतून विक्रेत्याचे कमिशन जाते. पहाटे चारला स्टेशनाबाहेरच्या पदपथावर गठ्ठे फोडून, पुरवण्या भरून, भरपावसात चौथ्या मजल्यावर अंक टाकणाऱ्या मुलाचे मोल जाते. मग बातमीदाराचा पगार, तारखेला हजर राहण्यासाठी न्यायालयात घातलेले दिवस, गावोगावचा प्रवास, हे सारे कोठून येते? ते जाहिरातीतून येते. आज मुंबईत रस्त्यावरच्या अर्ध्या प्याल्या चहाला जे पडते, त्याहून कमी पैशांत मराठी दैनिक घरपोच मिळते. आणि महिनाअखेर रद्दीवाला त्यातलेही काही परत करतो! हा चमत्कार वाचकाने आपला हक्क मानला आणि आम्ही आपली शेखी मानली. वस्तुतः त्यात एक उघड गुपित दडलेले होते. वाचक आम्हांला विकत घेत नव्हता. आम्हीच त्याचे लक्ष घाऊक भावाने जाहिरातदाराला विकत होतो.

या स्वस्ताईलाही इतिहास आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे पान मराठीच आहे. १९५६ साली संसदेने वृत्तपत्रांची किंमत व पृष्ठे यांविषयी कायदा केला आणि त्याखाली १९६० साली सरकारने हुकूम काढला. अमुक पाने द्यावयाची तर अमुक किंमत घेतलीच पाहिजे, असा त्याचा आशय होता. मोठ्या भांडवलदारी पत्रांनी लहान पत्रांना गिळू नये, हा हेतू सांगण्यात आला होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९६१ साली न्यायालयाने तो कायदा व तो हुकूम घटनाबाह्य ठरवला. वृत्तपत्राचा प्रसार हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि पाने व किंमत यांची वेसण घालून सरकारला तो रोखता येणार नाही, हे त्या निकालाचे सार होते. निकाल योग्यच होता. त्यामुळे सत्तेचा एक हात आमच्या गळ्यावरून दूर झाला. परंतु त्यानंतर अंकाची किंमत ठरवण्याची जी मोकळीक आम्हांला मिळाली, ती आम्ही जाहिरातदाराच्या हाती सोपवून दिली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात राजधानीत इंग्रजी पत्रांनी किमती पाडण्याची लढाई सुरू केली आणि तिचे लोण सर्व भाषांत पसरले. बातमी ही जवळजवळ फुकट मिळणारी वस्तू आहे, हा धडा वाचकांना इंटरनेटने दिलेला नाही. त्याच्या कितीतरी आधी तो आम्हीच दिला होता.

मग एके दिवशी जाहिरातदाराला अधिक स्वस्त व अधिक नेमका बाजार सापडला. वधूवर, जागा भाड्याने, नोकरी, जुनी मोटार अशा ज्या छोट्या जाहिरातींनी आमची पाने भरत, त्यांतील प्रत्येकीने इंटरनेटवर आपले वेगळे दुकान थाटले. मोठ्या जाहिराती गूगल व फेसबुक यांच्याकडे वळल्या; कारण कोण काय पाहतो, काय शोधतो, कोठे जातो, याची जी नोंद त्यांच्यापाशी आहे, ती आमच्यापाशी नव्हती आणि नसावी. त्यातच मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. कागदावरून रोग पसरतो या भीतीने सोसायट्यांनी दारे लावली, विक्रेत्यांनी वितरण थांबवले, एप्रिलमध्ये राज्य सरकारनेही घरोघर अंक टाकण्यास मनाई केली. ती पुढे काही भागांपुरती राहिली. मनाई उठली, पण मोडलेली सवय कित्येक घरांत परतली नाही. कागदाचा मोठा भाग परदेशांतून येतो. त्यावर २०१९ च्या अंदाजपत्रकात दहा टक्के आयात शुल्क बसले, पुढच्या वर्षी ते पाच टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि कागदाचे भाव भडकले. असा हा चहूबाजूंचा घेरा आहे.

इंटरनेटने जे भले केले ते मोकळ्या मनाने मान्य करावयास आम्हांला संकोच वाटत नाही. आखातात राबणारा कोकणी तरुण आणि सांगलीच्या शेतात उभी असलेली त्याची बहीण एकाच क्षणी तीच मराठी बातमी वाचतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. धरणातून पाणी सोडल्याची वर्दी सकाळच्या अंकाची वाट पाहत नाही. आणि ज्यांच्या तोंडाला वृत्तपत्रसृष्टीने दीर्घकाळ कुलूप लावले होते, त्यांना आपले दुःख आपल्या शब्दांत सांगण्याची सोय प्रथमच झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढावे लागले, ते प्रस्थापित पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा नव्हती म्हणून. ती दोन्ही पत्रे अल्पायुषी ठरली; वाचक दरिद्री होता आणि जाहिरातदार तिकडे फिरकत नव्हता. आज तसा एखादा तरुण छापखान्याच्या बिलाची चिंता न करता लिहू शकतो. या लाभाकडे जो पाठ फिरवील, त्याला कागदाचे प्रेम असेल, लोकांचे नाही.

परंतु लिहिता येणे आणि बातमी आणणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, प्रश्न विचारणारा नगरसेवक नाही! अशा काळात रस्त्याचे कंत्राट कोणाला किती रुपयांना दिले, रुग्णालयात औषधे का नाहीत, पूल कोणत्या अहवालावरून पाडला, हे विचारावयास कार्यालयाच्या दारात रोज उभा राहणारा उरतो तो पगारी बातमीदारच. हे काम हौसेने होत नाही. दहा दिवस हेलपाटे घालून एक कागद मिळतो, त्याचा अर्थ लावण्यास आणखी चार दिवस लागतात आणि छापल्यावर नोटीस आली तर वकील द्यावा लागतो. जिल्हा न्यायालयात, जिल्हा परिषदेत, बाजार समितीत बसलेल्या त्या माणसाच्या बातमीला मोबाइलवर फारसे वाचक मिळत नाहीत. नटीच्या लग्नाला मिळतात. जो व्यवहार वाचनाच्या घटकांवर पैसे देतो, तो त्या माणसाला कधीच पोसणार नाही. तो माणूस नाहीसा झाला तर कोणालाही धक्का बसणार नाही, कारण तो नाहीसा झाल्याची बातमी द्यावयासही कोणी असणार नाही. फक्त कंत्राटे जरा अधिक निर्धास्तपणे दिली जातील.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा आहे. छापील पत्राच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते. हे पत्र अमुक मालकांकरिता अमुक मुद्रक व प्रकाशकाने अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले आणि संपादक अमुक. ती ओळ कोणी वाचत नाही. १८६७ साली परकी सरकारने ती सक्तीची केली, ती आमच्यावर नजर ठेवण्यासाठी. तो कायदा जाऊन त्याच्या जागी केलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला, पण नाव छापण्याची रीत राहिली आहे. सरकारने संशयापोटी लावलेली ती ओळ कालांतराने वाचकाचे कवच बनली. खोटे छापाल तर पकडावयाचे कोणाला, हे ती सांगते. याच्या उलट १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे काय घडले ते महाराष्ट्राने विसरू नये. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून हिंडत होती. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेकरिता आलेल्या, भटक्या डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. त्या अफवेचा मुद्रक कोण? प्रकाशक कोण? संपादक कोण? मारणाऱ्यांवर खटले भरता आले. अफवेवर कोणाचेच नाव नव्हते.

तिसरा प्रश्न स्मृतीचा. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात आली. आज पावणेदोनशे वर्षांनीही ती त्याच शब्दांत आपल्यासमोर आहेत. छापलेले वाक्य मागे घेता येते, त्याबद्दल क्षमा मागता येते. पण ते मुळी छापलेच नव्हते, असे म्हणता येत नाही. १९५४ च्या कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन वृत्तपत्रांचे अंकही सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याची तरतूद झाली, ती याच विचाराने. पडद्यावरचा मजकूर मात्र सकाळी एक असतो, दुपारी दुसरा आणि पुढच्या वर्षी संस्थेने भाडे भरले नाही तर नसतोच. सत्तेला कागद गैरसोयीचा वाटतो तो यामुळेही. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील छापखान्यांची वीज तोडावी लागली. नव्या युगात त्याऐवजी इंटरनेटच तोडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये ते तोडले गेले, तेव्हा ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादिकेलाच सर्वोच्च न्यायालयात जावे लागले; कारण इंटरनेटवाचून छापील पत्रही निघेना! जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने अशी बेमुदत बंदी चालणार नाही, असे सांगितले. कागद आणि पडदा यांचे वैर आहे, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. दोघांचा गळा एकच आहे.

येथवर वाचून सुज्ञ वाचक विचारील, ‘हे सारे ठीक, पण तुम्ही या विश्वासाला पात्र राहिलात काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे संपूर्ण उत्तर ‘होय’ असे देण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापण्याचा जो निर्लज्ज प्रकार झाला, त्यात महाराष्ट्राचे नाव पुढे होते; प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. पहिले पान जाहिरातीखाली गाडून बातमी तिसऱ्या पानावर ढकलणे, पोलिसांनी सांगितले ते तसेच छापून आरोपीला गुन्हेगार ठरवणे, इंटरनेटवरील आपल्याच आवृत्तीला ‘पुढे काय घडले ते पाहून थक्क व्हाल’ असे बाजारी मथळे देणे, ही सारी पापे आमच्या व्यवसायाची आहेत आणि त्यांतील काही या पत्राचीही आहेत. प्रस्तुत लेखक या व्यवसायात येण्यापूर्वी शाळामास्तर होता. शाळेच्या दारातील फळ्यावर रोज ठळक बातम्या लिहिण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडे असे. एकदा एका मुलाने वर्तमानपत्रातली चुकीची बातमी तशीच उतरवली आणि दुसऱ्या दिवशी खुलासा येताच कोणी न सांगता फळ्याच्या डोक्यावर लिहिले, ‘काल येथे चूक लिहिले होते.’ आम्ही मात्र खुलासे आतल्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात छापतो. त्या मुलाकडून शिकण्यासारखे आम्हांला अजून पुष्कळ आहे.

आता उपायांविषयी. सरकारने वृत्तपत्रांना अनुदाने द्यावी, अशी मागणी अधूनमधून होते. ती आम्हांला मान्य नाही. ज्याचे मीठ खावयाचे त्याचे उणे काढता येत नाही, हे सरकारी जाहिरातींच्या बाबतीत आपण पाहतोच आहोत. टीका झाली की जाहिराती आटतात, आरती ओवाळली की पाझर फुटतो. जाहिरातींची वाटणी जाहीर व निःपक्षपाती नियमाने व्हावी आणि ज्ञानाच्या कागदावर आयात शुल्क नसावे, एवढेच सरकारकडे मागणे आहे. आमच्या बातम्यांवर धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी मोबदला द्यावा, ही मागणी मात्र न्याय्य आहे. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली तसा कायदा केला. कॅनडाने २०२३ साली केला, तेव्हा गूगलने वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे कबूल केले. फेसबुकच्या मालकांनी मात्र तेथे बातम्या दाखवणेच बंद करून टाकले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आमच्याच बातम्या दळून त्यांचे पीठ परस्पर वाचकाला वाढू लागली आहेत; ‘एएनआय’ वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. हे लढे लढले पाहिजेत. पण त्यांतून येणारा पैसा हाही पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीचा पैसा असेल, याचे भान सुटता कामा नये.

म्हणून फिरून आम्ही वाचकापाशीच येतो. अमेरिकेच्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने २०११ साली इंटरनेटवरील वाचनास पैसे मागितले, तेव्हा पुष्कळांनी त्याची टर उडवली, आज त्याचे इंटरनेटवरील वर्गणीदार एक कोटीहून अधिक आहेत. इंग्रजीला सारे जग मोकळे आहे, मराठीला नाही, हे आम्ही जाणतो. तरीही २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. परंतु भाषा ताम्रपटांवर जगत नाही. रोज सकाळी अर्थसंकल्प, निकालपत्र, रोगाची साथ आणि पिकाचा भाव ज्या गद्यात सांगितला जातो, त्या गद्यावर ती जगते. ते गद्य लिहिणाऱ्याला महिन्याला तीस रुपये अधिक देणे आठ कोटींच्या समाजास जड जाऊ नये.

भविष्याविषयी आमची अटकळ अशी आहे. क्षणाची बातमी मोबाइलची झाली आहे आणि ती त्याचीच राहील. तिच्यासाठी कागदाने धावण्यात अर्थ नाही. छापील दैनिकांच्या प्रती कमी होतील, पाने कमी होतील, काही पत्रे आठवड्यातून एक-दोनदाच निघतील. जे उरेल ते चौकशीचे, विवरणाचे आणि विवेकाचे पत्र असेल. मासिके दिवाळी अंकांच्या वाटेने जातील; थोडी, जाड, संग्रही ठेवावी अशी, आणि वर्गणीदारांच्या बळावर उभी. कदाचित आमच्या नातवंडांच्या हयातीत या शहरातले शेवटचे छपाईयंत्रही थांबेल. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. खिळे जुळवणारे हात गेले, तेव्हाही वृत्तपत्र मेले नव्हते. नाव लावून, पडताळून, चुकल्यास कबुली देऊन बातमी सांगणाऱ्यांचा वर्ग मात्र राहिला पाहिजे. तो राहिला तर कागद असो की काच, वृत्तपत्र जिवंत आहे. तो गेला तर गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेले पत्रही प्रेतच होय.

आता त्या रुपयाविषयी. तो वाढीव रुपया आम्ही बातमीदारांवर खर्च करू. रंगीत पुरवण्यांवर नव्हे. त्यातून महानगरपालिका, न्यायालये व शासकीय रुग्णालये यांसाठी केवळ तेच काम करणारी माणसे नेमली जातील. पहिल्या पानावर झालेल्या चुकीची कबुली यापुढे पहिल्याच पानावर छापली जाईल. आणि पुढील वर्षी याच दिवशी, याच जागी, या रुपयाचा हिशेब आम्ही देऊ. तो पटला नाही तर अंक बंद करण्याचा वाचकाचा हक्क अबाधित आहे. तोच आमच्यावरचा खरा अंकुश आहे.

बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ साडेआठ वर्षे चालून १८४० साली बंद पडले. वर्गणीदार थोडे होते. पण त्या थोडक्यांनीच एका परंपरेचा पाया घातला. त्यांनी आपल्या पत्राला आरशाचे नाव दिले, यात मोठे शहाणपण होते. आरसा ज्याने विकत आणला, त्याला त्यात आपला चेहरा जसा असेल तसा दिसतो. जो आरसा दुसरा कोणी फुकट हातात देतो, त्यात देणाऱ्याला दाखवावयाचे असते तेवढेच दिसते. मुंबईकरांनी कोणता आरसा घरात ठेवावा, हे आता त्यांनीच ठरवावयाचे आहे.